कारखाना चार दिवस बंद, तरी मीटर पळून राहिला – ट्रान्सफॉर्मर एकटा किती खातो?

प्रेसवाला_हिंगणा

नमस्कार मंडळी. विजेच्या विषयात मी ढ आहे, हे आधीच सांगून टाकतो.

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत माझं लहानसं युनिट आहे. तीन पॉवर प्रेस, दोन सीएनसी लेथ, एक कॉम्प्रेसर. तीन वर्षांपूर्वी जागा घेतली तेव्हा आधीच्या मालकाचं एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन आणि आवारातला ५०० केव्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मरही पदरात पडला. त्याचा धंदा मोठा होता. माझी मागणी भर दुपारीसुद्धा ९० केव्हीएच्या वर जात नाही.

आता मुद्दा. शुक्रवारी पोळा, शनिवारी तान्हा पोळा, मग रविवार, आणि सोमवारी कारागीर गावाहून यायचेच नव्हते. गुरुवारी संध्याकाळी ७ वाजता मी स्वतः पॅनेलचा मेन ब्रेकर पाडला आणि ११ केव्हीच्या मीटरचे सगळे पडदे एकेक करून मोबाईलमध्ये टिपले. चौकीदाराचा दिवा सोलरचा आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. सोमवारी संध्याकाळी ७ वाजता पुन्हा फोटो काढले. रीडिंगचा फरक गुणिले एमएफ (मीटरचा गुणक) केलं तर ११२ युनिट!

बरोबर ९६ तास. एक बल्बसुद्धा चालू नव्हता. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर म्हणे, "ट्रान्सफॉर्मर घेते जी तेवढं." काहून घेते? ज्याला पुढे काही जोडलेलंच नाही तो खाऊन काय राहिला? मीटर खराब आहे का? आणि हा हत्ती विकून लहान घ्यावा का?

तर्री_पोहे

भाऊ, तुम्ही मारबतीची मिरवणूक पाहायला महाल भागात गेले असाल आणि इकडे शेजाऱ्याने तार टाकली असेल. "घेऊन जा गे मारबत" म्हणताना मीटरचंही नाव घ्यायचं होतं ना!

निवृत्त_वायरमन

तर्रीभाऊ, ११ केव्हीवर तार टाकणारा शेजारी दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसह दिसतो.

प्रेसवाले, तुमचा कॉन्ट्रॅक्टर खरं बोलला, फक्त अर्धं बोलला. तुमचा मीटर ट्रान्सफॉर्मरच्या आधी, एचटी बाजूला आहे. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पोटात जे काही जळतं ते तुमच्या बिलात. घरगुती ग्राहकाचं तसं नसतं, तिथे मीटर डीपीच्या (रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या) नंतर असतो, तो तोटा कंपनीच्या खात्यात जातो.

आता तोट्याचे दोन हिशेब. एक लोखंडाचा, म्हणजे गाभ्याचा, दुसरा तांब्याचा, म्हणजे गुंडाळीचा. तांब्याचा तोटा लोडप्रमाणे, तोही करंटच्या वर्गाच्या प्रमाणात: लोड निम्मा केला तर तोटा पावावर येतो. लोखंडाचा मात्र लोडशी काही घेणंदेणं नाही. ११ केव्ही लागलं की तो सुरू, दिवस असो की रात्र. पोळ्याच्या दिवशी बैल जुंपत नाहीत, पण वैरण तर घालावीच लागते ना? उलट त्या दिवशी पुरणपोळी. तसं आहे हे.

जुन्या मालकाच्या फायलीत ट्रान्सफॉर्मरचं टेस्ट सर्टिफिकेट असेल. त्यात 'नो लोड लॉस' आणि 'लोड लॉस' असे दोन आकडे असतात. ते शोधा, मग मीटरला शिव्या द्या.

प्रेसवाला_हिंगणा

काका, सापडलं. फाईल उंदरांनी कुरतडलेली आहे पण आकडे शाबूत आहेत. नो लोड लॉस १,०५० वॅट. लोड लॉस ७५ अंश सेल्सिअसला ६,४०० वॅट.

१.०५ गुणिले ९६ म्हणजे १००.८ युनिट. बराचसा हिशेब जुळला. मग वरचे ११ कुठले?

चुंबक_चिकित्सक

वरचे ११ सांगतो, आधी एक विचारतो. ब्रेकर पाडलेला असताना त्याच्या आधीच्या बाजूला एलटी (कमी दाबाचं) व्होल्टेज किती दिसतं? रात्री उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी बघा, दिवसा नको.

तोवर "काहून घेते" याचं उत्तर. गाभ्यातलं लोखंड सेकंदाला ५० वेळा एका दिशेने चुंबकित होतं आणि ५० वेळा उलट दिशेने. प्रत्येक फेरीत त्याच्या आतल्या चुंबकीय कणांना, नीट शब्द वापरायचा तर क्षेत्रांना, उलथंपालथं करावं लागतं, आणि ती उलथापालथ फुकट होत नाही, तिची उष्णता होते. हा हिस्टेरेसिसचा तोटा. स्टाइनमेट्झने १८९२ साली त्याचं सूत्र मांडलं, चुंबकीय घनतेचा १.६ वा घात, आणि इंजिनिअरिंगची पोरं तो १.६ अजून पाठ करतात.

दुसरा एडी करंटचा. गाभा स्वतःही विजेचा वाहकच आहे. गुंडाळीत व्होल्टेज निर्माण होतं तसं गाभ्याच्या पोटातही होतं, आणि तिथे प्रवाह भोवऱ्यासारखे फिरत राहतात. म्हणून गाभा कधीच अखंड नसतो. पातळ पत्रे एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा थर असतो. हा तोटा पत्र्याच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो: ०.३५ मिमीच्या जागी ०.२३ मिमीचा पत्रा घेतला की एडीचा भाग निम्म्याहून खाली येतो. लोखंडात साधारण ३ टक्के सिलिकॉन मिसळतात तेही याचसाठी, त्याने विद्युतरोध वाढतो.

आणि पत्रा कुठलाही चालत नाही. सीआरजीओ लागतो, म्हणजे थंड लाटून ज्याच्या स्फटिकांची दिशा एका रेषेत आणली आहे असा. नॉर्मन गॉस या अमेरिकन माणसाला त्याचं पेटंट १९३४ साली मिळालं. लाकडाला जशी रेषा असते तशी या पत्र्याला असते. रेषेच्या बाजूने चुंबकत्व सहज वाहतं, आडवं नेलं की तोटा भडकतो.

दक्खनचा_पाहुणा

मी मूळचा पुण्याचा, नोकरीमुळे मिहानमध्ये. बाकी सगळं ठीक, पण देशातल्या वीजगळतीत मोठा वाटा तारेवर आकडे टाकून होणाऱ्या चोरीचा असताना आपण गाभ्याच्या पत्र्याची जाडी मोजत बसलोय, हे जरा गमतीचं नाही का?

निवृत्त_वायरमन

पाहुणे, चोरीचा धागा वेगळा काढा, मी पहिला येईन, माझ्याकडे ३४ वर्षांचा माल आहे. पण इथे विचारणाऱ्याच्या घरात चोर नाही. त्याच्या घरात एक प्रामाणिक खादाड आहे.

प्रेसवाला_हिंगणा

काल रात्री ११ ला गेलो होतो. ब्रेकरच्या वरच्या बाजूला ४५५ व्होल्ट. दिवसा काम चालू असताना ४३० च्या आसपास असतं.

चुंबक_चिकित्सक

हे घ्या तुमचे ११ युनिट.

सर्टिफिकेटवरचे १,०५० वॅट हे ठरलेल्या व्होल्टेजवरचे, म्हणजे एलटीला ४३३ असतानाचे. ४५५ म्हणजे ५ टक्के जास्त. लोखंडाचा तोटा ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे चढतो: १.०५ चा वर्ग १.१०, म्हणजे साधारण १,१६० वॅट. गुणिले ९६, १११ युनिट. तुमचा मीटर शहाणा आहे हो, त्याला दोष देऊ नका.

रात्री सगळ्या एमआयडीसीचा लोड उतरतो आणि फीडरवर व्होल्टेज चढतं. ट्रान्सफॉर्मरच्या टॅप स्विचवर (गुंडाळीचे वेढे कमी-जास्त करून व्होल्टेज बदलणारा) एक पायरी बदलून घेतली तर थोडा दिलासा मिळेल. मात्र तो टॅप सप्लाय पूर्ण बंद करूनच फिरवायचा असतो, आणि दिवसाचं व्होल्टेज त्याने फार पडणार नाही हे आधी पाहायचं.

पण मला खरी शंका दुसरी आहे. मीटरवर केडब्ल्यूएचच्या, म्हणजे खऱ्या वापरलेल्या युनिटच्या, शेजारी केव्हीएएचही असतं, त्यात तारेतून नुसती जा-ये करणारी वीजही धरलेली असते. तुम्ही सगळे पडदे टिपलेत म्हणालात. त्याचा फरक किती आला?

गोरेवाड्याची_वाघीण

मध्येच विचारते, रागावू नका. आमच्या गेटसमोरच डीपी आहे. रात्री एवढी गुणगुणते की माझ्या सासूबाईंना वाटतं ती फुटणार. मे महिन्यात तर हमखास. गुणगुणणं म्हणजे तोटाच ना? आणि लोड जास्त म्हणून आवाज जास्त, असं का?

निवृत्त_वायरमन

ताई, सासूबाईंना सांगा, गुणगुणणारी डीपी जिवंत असते. एकदम गप्प झाली की समजा लाईट गेली.

गाभ्याचा पत्रा चुंबकित होताना केसाच्याही कितीतरी पटीने कमी इतका लांबतो-आखडतो. एका आवर्तनात दोनदा, म्हणून आपल्या ५० हर्ट्झवर आवाज १०० हर्ट्झचा. तो लोडपेक्षा व्होल्टेजवर जास्त अवलंबून असतो. रात्री व्होल्टेज वर आणि रस्ता शांत, म्हणून जास्त ऐकू येतो. खडखड किंवा चरचर ऐकू आली तर मात्र तक्रार नोंदवा. त्याच्या जवळ जाऊ नका.

मे महिन्यात त्रास होतो तो गुंडाळीला. नागपुरात पारा ४५-४६ वर, आणि प्रत्येक खिडकीत कूलर, वर आता एसी. लोड दुपारपासून पहाटेपर्यंत उतरतच नाही. बाहेरची हवाच तापलेली असल्यावर तेल थंड कुठे होणार? तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. ७५ अंशांवरून ९५ वर गेलं तर तांब्याचा तोटा त्याच करंटला साडेसहा टक्क्यांनी वाढतो. तोटा वाढला की आणखी ताप, आणखी तापलं की आणखी तोटा. ते चक्र कुठेतरी थांबतं, पण गुंडाळीवरच्या कागदाचं आयुष्य तोवर आटतं. दर ६ अंश वाढीला कागद दुप्पट वेगाने म्हातारा होतो, असा हिशेब धरतात.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. तुमच्या रस्त्यावरची डीपी १०० केव्हीएची धरा. पूर्ण लोडला एका फेजमध्ये १३३ अँपिअर. तिन्ही फेजवर १००-१००-१०० असेल तर वर्गांची बेरीज ३०,०००. पण वायरमनने घाईत सगळी नवी घरं एकाच फेजवर टाकली आणि २००-८०-२० झालं, तर बेरीज ४६,८००. बेरजेला लोड तेवढाच, ३०० अँपिअर, पण तांब्याचा तोटा दीडपटीच्या वर, आणि न्यूट्रलमधून वाहतं ते वेगळंच. दर उन्हाळ्यात त्याच त्या डीपीचा एकच फ्यूज जातो ना? तो हाच.

(मीही घाईत टाकली आहेत. आता निवृत्त आहे म्हणून सांगतो.)

गोरेवाड्याची_वाघीण

अय्या, आमचाच फेज जातो दरवर्षी! समोरच्या ओळीत लाईट असते आणि आम्ही गच्चीवर.

प्रेसवाला_हिंगणा

चिकित्सक साहेब, फोटो पुन्हा उघडून पाहिला. केव्हीएएचचा फरक ६९१.

मी तीनदा वजाबाकी केली. ११२ नाही, ६९१! हे काय प्रकरण आहे? बिल तर आमचं केव्हीएएचवरच येते.

तर्री_पोहे

मेले! २०२० च्या एप्रिलपासून एचटीचं बिल केव्हीएएचवर झालं आहे भाऊ.

थांबा, हिशेब करतो. ६९१ भागिले ९६, म्हणजे बंद असताना ७.२ केव्हीए सतत. त्यातले खरे लागतात १.१७. फुकटचे ६ केव्हीए. तुम्ही दिवसाचे ९ तास, वर्षाचे ३०० दिवस चालवता असं धरलं तर २,७०० तास काम, उरलेले ६,०६० तास रिकामे. सहा गुणिले ६,०६० म्हणजे ३६,३६० युनिट. साडेआठ रुपये धरले तर ३ लाख ९ हजार रुपये वर्षाला! तीन वर्षांत नऊ लाख गेले की राव तुमचे. पार्टी तुम्ही द्यायची की आम्ही?

प्रेसवाला_हिंगणा

घरी सांगितलं नाही अजून. जेवण गेलं नाही.

चुंबक_चिकित्सक

जेवा. तर्रीभाऊंचा गुणाकार बरोबर आहे, निष्कर्ष चुकला आहे.

आधी ६९१ कुठून आले ते. गाभ्यात चुंबकत्व उभं ठेवायला ट्रान्सफॉर्मर एक प्रवाह ओढतो, मॅग्नेटायझिंग करंट. तो जवळजवळ पूर्ण रिअॅक्टिव्ह असतो: पाव आवर्तन ऊर्जा घेतो, पुढच्या पाव आवर्तनात परत करतो. जळत काही नाही, पण तारेतून जा-ये होते आणि केव्हीएमध्ये मोजली जाते. जुन्या ५०० केव्हीएला ७ केव्हीए म्हणजे दीड टक्क्याच्या आत, यात वावगं काही नाही. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खऱ्या विजेचा हिस्सा बघा, ११२ भागिले ६९१, जेमतेम ०.१६.

दिवसा हे दिसत नाही कारण तुमचं कपॅसिटर पॅनेल ते भरून काढतं. पण ते पॅनेल मेन ब्रेकरच्या पुढे आहे. तुम्ही काटकसर म्हणून ब्रेकर पाडता, आणि त्याच्याबरोबर कपॅसिटरही सुटतात. ट्रान्सफॉर्मर मागे एकटा, उघडा.

आता तीन लाखांचं. महिन्याचं केव्हीएएच क्षणाक्षणाचे केव्हीए जोडून काढलं असेल तर तर्रीभाऊ बरोबर. पण महिन्याचे केडब्ल्यूएच आणि महिन्याचे रिअॅक्टिव्ह युनिट यांच्या बेरजांवरून काढलं असेल, तर ते काटकोन त्रिकोणासारखं वागतं. लांब बाजूला लहान बाजू काटकोनात जोडली की कर्ण फारसा वाढत नाही. वादच नको, दोन्ही आकडे बिलावर छापलेले असतात. मागच्या महिन्याचे सांगा.

प्रेसवाला_हिंगणा

केडब्ल्यूएच १४,२००. केव्हीएएच १४,९००.

चुंबक_चिकित्सक

सुटलात. तर्रीभाऊंच्या पद्धतीने तो दुसरा आकडा १७,००० च्या वर हवा होता. फरक फक्त ७०० चा आहे, म्हणजे तुमचा हिशेब त्रिकोणाचा.

१४,९०० चा वर्ग वजा १४,२०० चा वर्ग, त्याचं मूळ साधारण ४,५००. हे तुमचे महिन्याचे रिअॅक्टिव्ह युनिट. त्यातले रिकाम्या वेळातले किती? महिन्याला ५०५ तास गुणिले ७.१ (त्या ७.२ केव्हीएतला रिअॅक्टिव्ह भाग) म्हणजे ३,६०० च्या आसपास. ते काढले तर उरतात ९००, आणि कर्ण येतो १४,२३० च्या घरात. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त ६७० युनिट, सुमारे ५,७०० रुपये. तीन लाख नाहीत, वर्षाला अडुसष्ट हजार. पण अडुसष्ट हजारही सोडायचे कशाला?

उपाय स्वस्त आहे. एक लहान फिक्स्ड कपॅसिटर, मेन ब्रेकरच्या आधी, ट्रान्सफॉर्मरच्या एलटी टर्मिनलच्या बाजूला, स्वतःच्या वेगळ्या ब्रेकरवर (एमसीसीबी). ब्रेकर पाडला तरी तो जोडलेला राहील.

निवृत्त_वायरमन

साडेसात केव्हीएआरचा (हे कपॅसिटरचं माप) घेऊ नका, पाचचा घ्या. पूर्ण भरून काढायच्या नादात व्होल्टेज जरा उतरलं की लीडकडे जाल, म्हणजे कपॅसिटरच गरजेपेक्षा जास्त होईल, आणि लीडकडे गेलं तरी केव्हीए वाढतोच. थोडं लॅगमध्ये, म्हणजे कपॅसिटर जरा कमीच, राहिलेलं बरं. तुमच्या सीएनसीच्या ड्राइव्ह आहेत, हार्मोनिक्स (विजेच्या वेड्यावाकड्या लहरी) असणार, म्हणून साधा कपॅसिटर नको, हेवी ड्युटीचा मागा. आणि काम परवानाधारक माणसाकडून, सप्लाय पाडून, अर्थिंग करून. ब्रेकरच्या वरची बाजू म्हणजे जिथे तुमच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या मध्ये काहीच नाही.

सावजी_संध्याकाळ

एवढा खटाटोप कशाला? शनिवारी संध्याकाळी एबी स्विचच पाडायचा, म्हणजे ११ केव्हीची लाईनच ट्रान्सफॉर्मरच्या आधी तोडायची. ना लोखंड, ना तांबं, ना केव्हीएएच. आमच्या बुटीबोरीच्या जुन्या शेडमध्ये आम्ही तेच करत होतो.

निवृत्त_वायरमन

तुमच्याकडे फ्यूज किती उडत होते तेही सांगा मग.

चालू करताना गाभ्यात आधीचं चुंबकत्व शिल्लक असतं. नेमक्या वाईट क्षणी स्विच लागला की पहिल्या काही आवर्तनांत रेटेड करंटच्या आठ-दहा पट प्रवाह खेचला जातो. एकदोनदा चालतं. दर सोमवारी सकाळी गुंडाळीला असा झटका द्यायचा का? दुसरं, बंद पडलेला ट्रान्सफॉर्मर थंड होतो, तेल आकसतं, आणि बाहेरची हवा ब्रीदरमधून (ओल शोषणाऱ्या दाण्यांची डबी) आत ओढली जाते. जुलै-ऑगस्टची नागपूरची हवा! तेलात पाणी गेलं तर वाचवलेले सगळे पैसे फिल्टरेशनला. लांबची सुट्टी असेल, माणूस जाणता असेल, आणि आधी एलटी पूर्ण रिकामी केली असेल तर ठीक. एबी स्विच लोडवर उघडला तर काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे. त्या दिवसापासून डाव्या भुवईला केस नाहीत.

प्रेसवाले, ब्रीदरचं निघालं म्हणून विचारतो, त्यातल्या दाण्यांचा रंग कोणता?

प्रेसवाला_हिंगणा

फिकट गुलाबी. मला वाटलं तसाच असतो.

निवृत्त_वायरमन

निळा असतो. गुलाबी म्हणजे पाणी पिऊन तट्ट. तीन वर्षं तसाच आहे की काय? उद्याच बदला, आणि तेलाची बीडीव्ही टेस्ट (तेल किती व्होल्टेज सहन करतं ती) करून घ्या. तोट्याचं मग पाहू.

प्रेसवाला_हिंगणा

बदलतो काका. आता शेवटचा प्रश्न, हा विकून २०० केव्हीएचा घेऊ का? कोटेशन साडेचार लाखांचं आलं आहे. एक जण म्हणाला की रिवाइंड केलेला सेकंडहँड निम्म्यात देतो.

चुंबक_चिकित्सक

हिशेब करून पाहा. तुमच्या ९० केव्हीएला हा ५०० चा फक्त १८ टक्के लोडवर आहे. तांब्याचा तोटा ०.१८ चा वर्ग गुणिले ६,४००, म्हणजे २०७ वॅट. लोखंडाचा १,०५०. सगळं ओझं लोखंडाचंच. दोन्ही तोटे समसमान होतात तिथे ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता सर्वात जास्त. तुमच्यासाठी तो बिंदू ४० टक्क्यांवर, म्हणजे २०० केव्हीए लोडला येतो. तुम्ही त्याच्या निम्म्यावरही नाही.

नव्या २०० केव्हीएला आयएस ११८० या भारतीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे कार्यक्षमतेच्या दुसऱ्या पातळीवर अर्ध्या लोडला एकूण तोटा ७८० वॅटच्या आत हवा. चालू वेळात तुमचे ४८० वॅट वाचतील. रिकाम्या वेळात नव्याचा तोटा ३०० धरला तर ७५० वॅट. वर्षाला ५,८०० युनिटच्या आसपास, पन्नास हजार रुपये. साडेचार लाख वसूल व्हायला नऊ वर्षं, जुन्याचे मोडीचे पैसे आले तर थोडी कमी. वर विद्युत निरीक्षकाची मंजुरी, नवं पायाकाम, दोन-चार दिवस धंदा बंद. मी नसता घेतला. पुढे हा जळलाच तर मात्र डोळे मिटून लहान घ्या, आणि जमलं तर अमॉर्फस गाभ्याचा. त्याची पट्टी २५ मायक्रॉनच्या आसपास, वितळलेला धातू फिरत्या चाकावर सोडून इतक्या झटपट गोठवतात की स्फटिक बनायला वेळच मिळत नाही. लोखंडाचा तोटा सीआरजीओच्या साधारण एक तृतीयांश. रात्रभर रिकामा बसणाऱ्या तुमच्यासारख्याला तोच शोभतो.

निवृत्त_वायरमन

आणि तो निम्म्यातला रिवाइंड केलेला अजिबात नको. मी एका शेडमध्ये उभं राहून पाहिलं आहे. ६३ केव्हीएची जळकी डीपी आली होती. वरचा योक (गाभ्याचा आडवा भाग) उघडताना पोरगा पत्रे एकेक काढून सिमेंटच्या जमिनीवर टाकत होता, खणखण. गुंडाळी बदलल्यावर तेच पत्रे परत बसवले, आणि बसत नव्हते तिथे लोखंडी हातोडीने ठोकले. सीआरजीओला असा मार लागला की ती एका रेषेत आणलेली रचना बिघडते, कडांवर बर (बारीक धारदार कंगोरे) येते, पत्र्यावरचं इन्सुलेशन जातं, सांध्यांत फटी राहतात. मूळ नो लोड लॉस १८० वॅट होता. आम्ही मोजला तर २४५. तांबं नवं कोरं, रंग नवा, वर कुंकवाचं बोट लावलेलं. लोखंडाकडे कोणी पाहिलं नाही. तो ६५ वॅटचा दिवा ती डीपी मरेपर्यंत जळत राहणार, आणि तो कोणाला दिसणारही नाही.

काळजीने काम करणारे रिवाइंडरही आहेत, नाही असं नाही. पण निम्म्या भावात देणारा त्यातला नसतो.

दक्खनचा_पाहुणा

माझी आधीची प्रतिक्रिया मागे घेतो. आमच्या सोसायटीत क्लबहाऊस आणि लिफ्टसाठी वेगळं एचटी कनेक्शन आहे. उद्या सेक्रेटरींकडून बिल मागतो.

प्रेसवाला_हिंगणा

धागा वर काढतोय. दिवाळी झाली.

सप्टेंबरच्या शेवटी एका रविवारी सप्लाय पाडून सगळं एकदमच उरकलं. टॅप एक पायरी बदलला, ब्रेकरच्या आधी ५ केव्हीएआरचा कपॅसिटर टाकला, ब्रीदरमध्ये निळे दाणे भरले. तेलाची टेस्ट काठावर पास झाली, टेस्टवाला म्हणाला पुढचा पावसाळा असा काढू नका. रात्रीचं व्होल्टेज आता ४४४, दिवसा ४२०. सीएनसीची काही कुरकुर नाही.

दिवाळीत पुन्हा चार दिवस बंद होतं. मुद्दाम पोळ्यासारखंच केलं, संध्याकाळी ७ ते संध्याकाळी ७, ९६ तास. फोटो घरच्यांसमोर उघडला.

केडब्ल्यूएच १०६. केव्हीएएच १७८.

ऑक्टोबरचं बिलही आलं: १२,६०० आणि १२,७४०. आधी फरक ७०० चा असायचा, आता १४० चा.

काका, कधी हिंगण्याकडे आलात तर चहाला या. तर्रीभाऊ, तुमची पार्टी तीन लाखांवर ठरली होती, ती आपोआप रद्द. तर्री पोहे मात्र माझ्याकडून.

तर्री_पोहे

चालते. हरभऱ्याची तर्री वेगळी घेईन, ती बिलात धरू नका.

निवृत्त_वायरमन

१०६ आले म्हणजे टॅप बरोबर पायरीवर बसला आहे. चहाला येतो, पण आधी ब्रीदरच्या खालच्या कपात तेल भरलं आहे का ते बघून ठेवा. नवे दाणे टाकणारे नव्वद टक्के लोक ते विसरतात.

प्रेसवाला_हिंगणा

आत्ता टॉर्च घेऊन जाऊन पाहिलं. कप कोरडा आहे.